पंचगंगेकाठचा पोसायडन

कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्राँझची एक छोटीशी मूर्ती आहे. उघड्या अंगाचा, दाढी राखलेला, पिळदार बांध्याचा पुरुष. त्याच्या हातात कधीकाळी त्रिशूळ असणार; आता नाही. १९४४-४५च्या सुमारास पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झालं, तेव्हा ब्राँझच्या इतर वस्तूंबरोबर हा देव मातीतून वर आला. घडवलेला रोमन साम्राज्यात कुठेतरी, रूप ग्रीक, आणि सापडला सातवाहनांच्या काळातल्या आपल्या गावात. पोसायडन, समुद्राचा देव.

आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, मला पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा मी चौथीत असेन. आबा शाळा फारशी शिकलेले नव्हते, पण वस्तूसमोर उभं राहून प्रश्न विचारायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, "ह्यो म्हणं समुद्राचा देव. आता सांग बघू पोरी, समुद्र हितनं केवढा लांब. आन् ह्यो हितं कसा आला?" मला सांगता आलं नाही. ते पुढच्या कपाटाकडे गेले, मी तिथंच राहिले.

त्या प्रश्नाचं उत्तर पुढे कॉलेजात सहज मिळालं. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत रोमन साम्राज्यातली जहाजं यायची, तिथला माल घाट चढून देशावर यायचा. त्या मालाबरोबर हाही आला. पण त्या उत्तरानं एक दुसराच प्रश्न मागे सोडला आणि तो मला आजतागायत पुरला आहे. ज्याच्या गाठोड्यातून हा घाट चढला, तो माणूस याला हाक कोणत्या नावानं मारत असेल? पोसायडन, की रोमनांच्या समुद्रदेवाच्या नावानं, नेपच्यून?

लहानपणी माझ्या वहीत एक तक्ता होता. डाव्या रकान्यात ग्रीक नावं, उजव्यात रोमन. झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जूनो, एरीज म्हणजे मार्स, अफ्रोडाइटी म्हणजे व्हीनस. प्रत्येक जोडीच्या मधे मी पट्टीनं बरोबरच्या खुणा काढल्या होत्या. असा तक्ता बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिला असेल. त्यातून मनात बसतं ते असं की रोमनांनी ग्रीकांचे देव उचलले आणि त्यांच्यावर आपली नावं चिकटवली. गेली पंधरा-वीस वर्षं जमेल तसं या विषयावर वाचते आहे, आणि जितकं वाचते तितक्या त्या बरोबरच्या खुणा मला बोचायला लागतात.

होरेस या रोमन कवीची एक ओळ या संदर्भात सगळे सांगतात: जिंकलेल्या ग्रीसनं आपल्या रांगड्या विजेत्यालाच जिंकलं आणि गावंढळ लॅटियममध्ये, म्हणजे रोमच्या मुलखात, कला आणल्या. ओळ सुंदर आहे, आणि काव्य-शिल्पाबद्दल बरीचशी खरीही आहे. देवांच्या बाबतीत मात्र ती दिशा चुकवते. रोमनांनी कॉरिंथ हे ग्रीक शहर जमीनदोस्त केलं इ.स.पू. १४६ मध्ये. त्याआधी किमान साडेतीनशे-चारशे वर्षं ग्रीक देव रोममध्ये नांदत होते. रोम तेव्हा टायबरकाठचं एक साधं नगर होतं, आणि ग्रीक लोक त्याला परके असले तरी लांबचे नव्हते. क्युमी, नेपल्स, टॅरेंटम अशी त्यांची नगरं इटलीतच होती. शिवाय रोमच्या उत्तरेला लागूनच एट्रस्कन लोक होते आणि त्यांनी ॲपोलो, हेराक्लीस वगैरे मंडळींना आधीच आपलंसं केलं होतं. जिंकणं-हरणं पुढचं, आधी शेजार होता.

याचा एक पुरावा मला फार आवडतो. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे भर चौकात, जी काळ्या दगडाची जुनी फरसबंदी आहे, तिच्याखालच्या भागात व्हल्कन या अग्निदेवाचं ठाणं होतं. तिथं वाहिलेल्या वस्तूंमध्ये एका अथेन्सच्या भांड्याचा तुकडा निघाला, इ.स.पू. सहाव्या शतकातला. त्यावर काळ्या रंगात एक स्वार रंगवला आहे, गाढवावर बसलेला. तो हिफेस्टस. ग्रीक गोष्टीत हा लंगडा लोहार देव ऑलिंपसवरून फेकला जातो, रुसून बसतो, आणि मग डायोनायसस त्याला वाइन पाजून गाढवावर घालून परत आणतो. कुणीतरी हे भांडं विकत घेतलं आणि नेमकं व्हल्कनच्या ठाण्यावर आणून ठेवलं. त्या माणसाला ते चित्र कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. आपल्या अग्नीच्या देवाचा आणि या गाढवावरच्या लोहाराचा काहीतरी संबंध आहे एवढं त्याला उमगलं असणार. बरोबरची पहिली खूण तिथं काढली गेली असं म्हणायला हरकत नाही. पण ती पट्टीनं काढलेली नव्हती.

मुळात रोमनांचे जुने देव कसे होते, हे समजून घेतल्याशिवाय या पाहुण्यांनी काय बदललं ते कळत नाही. त्या देवांना गोष्टी जवळजवळ नव्हत्या. कुणाची बायको कोण, कुणी कुणाला फसवलं, कोण कुणावर भाळला, यातलं काही नाही. त्यांना कामं होती. वारो हा रोमन पंडित तर सांगतो की १७० वर्षांहून अधिक काळ रोमनांनी देवांना मूर्तीशिवाय पुजलं. पुढे ज्यांनी मूर्ती आणल्या त्यांनी लोकांच्या मनातली भीती घालवली आणि चूक वाढवली, असंही तो म्हणतो.

या कामाच्या देवांची एक यादी टिकून आहे. धान्याची देवता सेरीस हिला बळी देताना पुजारी बारा देवांना हाका मारायचा. व्हर्वॅक्टर, रेडारेटर, इम्पॉर्सिटर, इन्सिटर, ऑबारेटर, ऑकेटर, सॅरिटर, सब्रन्सिनेटर, मेसर, कन्व्हेक्टर, कॉन्डिटर, प्रॉमिटर. मी ही नावं पहिल्यांदा वाचली तेव्हा जिभेला ती खडबडीत लागली. मग त्यांचे अर्थ एकेक करून लावले आणि आमच्या रानात जाऊन उभी राहिले. पडीक रानात पहिला नांगर घालणारा. दुसरी पाळी घालणारा. सऱ्या सोडणारा. पेरणारा. बी मातीआड करणारा. कुळवणारा. कोळपणारा. भांगलणारा. कापणी करणारा. गाडीत भरून नेणारा. कणगीत साठवणारा. आणि शेवटचा, प्रॉमिटर, लागेल तेव्हा कणगीतून धान्य बाहेर काढून देणारा. प्रत्येक कामाला एक देव. त्यांना चेहरा नाही, आईबाप नाहीत, त्या कामापलीकडे आयुष्य नाही. भांगलणीलासुद्धा देव असावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. वाकून वाकून कंबर मोडणारं ते काम जगातल्या कुठल्या कवीनं गायलं असेल? रोमन पुजाऱ्यानं निदान त्याचं नाव घेतलं.

रोबिगस असाच एक. गव्हावर तांबेरा पडतो, त्याचा देव. २५ एप्रिलला, पीक ओंबीवर येण्याच्या सुमारास, त्याला कुत्र्याचा बळी द्यायचे, 'आमच्या पिकावर येऊ नकोस' म्हणून. लॅटिनमध्ये तांबेऱ्याला आणि लोखंडावरच्या गंजाला शब्द एकच. ओव्हिड या कवीनं आपल्या पंचांगकाव्यात त्या दिवशीची प्रार्थना लिहिली आहे, तीत पुजारी देवाला विनवतो की कोवळ्या पिकाला सोड आणि धरायचंच असेल तर लोखंडाला धर, तलवारींना धर, त्यांची जगाला गरज नाही.

असे देव जिथं होते तिथं ग्रीक देव आले, आणि ते गोष्टी घेऊन आले.

आले म्हणजे बोलावले गेले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोममध्ये काही अघटित घडलं, साथ पसरली, दुष्काळ पडला, लढाई हरली, की सिनेट सिबिलच्या, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या बाईच्या, पोथ्या उघडायला सांगायचं. या पोथ्या कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरच्या देवळात कडेकोट बंदोबस्तात ठेवलेल्या असत. त्या ग्रीक भाषेत होत्या. दंतकथा अशी की एका म्हातारीनं टार्क्विन राजाला नऊ पोथ्या विकायला आणल्या. त्यानं किंमत ऐकून नकार दिला तेव्हा तिनं तीन जाळल्या आणि उरलेल्या सहांना तीच किंमत सांगितली. पुन्हा नकार, पुन्हा तीन जाळल्या. शेवटी राजानं नऊंच्या भावात तीन घेतल्या. नेमलेले अधिकारी त्या पोथ्या पाहून सांगायचे की अमुक देवाला आणा, अमुक विधी करा. रोमनांच्या अगदी आतल्या कप्प्यात, राज्याच्या सर्वांत जपलेल्या जागी, जो मजकूर होता तो परक्या भाषेत होता.

दुष्काळाच्या एका वर्षी, इ.स.पू. ४९६ मध्ये, सेरीस, लिबर आणि लिबेरा यांना नवस बोलला गेला आणि ४९३ मध्ये ॲव्हेंटाइन टेकडीवर त्यांचं देऊळ उभं राहिलं. देवांची नावं अस्सल इटलीची, पण त्या त्रिकुटामागे ग्रीकांची डिमीटर, डायोनायसस आणि डिमीटरची मुलगी उभी होती. देवळाची सजावट डॅमोफिलस आणि गॉर्गासस या दोन ग्रीक कारागिरांनी केली आणि भिंतीवर ग्रीक पद्यात लिहून ठेवलं की उजवीकडचं काम याचं, डावीकडचं त्याचं. ते वाचलं की मला त्या दोघांबद्दल माया वाटते. परक्या गावात, परक्या लोकांच्या देवळात, आपल्या भाषेत आपली सही.

पुढे या देवळात सेरीसचा ग्रीक पद्धतीचा विधी सुरू झाला. तो बायकांचा होता, आणि त्यासाठी पुजारणी नेपल्स किंवा व्हेलिया या ग्रीक नगरांतून आणल्या जायच्या. सिसेरो या रोमन वक्त्यानं इ.स.पू. ५६ मधल्या एका खटल्यातल्या भाषणात याचं कारण सांगितलं आहे. आपल्या पूर्वजांना, तो म्हणतो, हा विधी ग्रीक राहावा असंच वाटत होतं, म्हणून तो जाणणारी बाई ग्रीसकडची हवी. पण ती रोमच्या नागरिकांसाठी देवाला विनवणार, तेव्हा ती स्वतः रोमची नागरिक असायला हवी. म्हणून या पुजारणींना नागरिकत्व दिलं जाई. तिनं देवांची प्रार्थना करावी ती परक्या, बाहेरच्या विद्येनं. पण मन मात्र घरचं, नागरिकाचं असावं.

विद्या परकी, मन घरचं. वहीतल्या तक्त्याला मी जे उत्तर शोधत होते ते मला या एका वाक्यात सापडलं. रोमनांनी उसनं घेतलेलं कधी लपवलं नाही. काही विधींना ते उघड 'ग्रीक रीत' म्हणत. आपल्या रीतीनं पूजा करताना टोग्याचा, म्हणजे अंगावरच्या वस्त्राचा, पदर डोक्यावरून घ्यायचा, ग्रीक रीतीनं करताना डोकं उघडं ठेवायचं. पाचशे वर्षं उलटली तरी हर्क्युलिसच्या, म्हणजे ग्रीकांच्या हेराक्लीसच्या, मोठ्या वेदीपुढे डोकं उघडंच. देव घरचा झाला, तरी तो कुठून आला ते विसरायचं नाही, त्याच्याशी त्याच्याच रीतीनं बोलायचं. आणि गंमत म्हणजे ही 'ग्रीक रीत' ग्रीसमधल्या कुणी पाहिली असती तर त्याला ती पुरती रोमन वाटली असती. सॅटर्नसारख्या तिथल्याच जुन्या देवाची पूजाही उघड्या डोक्यानं व्हायची. परकेपणसुद्धा त्यांनी आपल्या पद्धतीनं घडवलं होतं.

याच सेरीसच्या विधीबद्दल लिव्ही या इतिहासकारानं एक नोंद केली आहे. इ.स.पू. २१६. कॅनीच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं रोमचं सैन्य कापून काढलं. लिव्हीच्या हिशोबानं अठ्ठेचाळीस हजारांहून जास्त माणसं एका दिवसात गेली. सेरीसच्या वार्षिक विधीची वेळ आली आणि तो करता येईना, कारण सुतकातल्या बाईला तो विधी वर्ज्य, आणि अख्ख्या रोममध्ये सुतक नसलेली एकही घरंदाज बाई उरली नव्हती. सिनेटनं शेवटी हुकूम काढला, शोक तीस दिवसांत आवरा.

हा विधी कशाचा होता? पाताळात पळवून नेलेली मुलगी आईला परत सापडते, त्याचा. डिमीटर रानोमाळ फिरते, धरणी नापीक होते, आणि मग मुलगी वर येते. ही गोष्ट रोमन सेरीसची नव्हती. रोमन सेरीस म्हणजे नुसतं उगवणं, वाढणं. गोष्ट ग्रीकांनी आणली. पण त्या वर्षी पोरं गमावलेल्या बायकांना ती परक्यांची वाटली असेल का? सापडल्याचा सोहळा करायचा होता, आणि ज्यांनी तो करायचा त्यांचं कुणीच परत आलेलं नव्हतं. लिव्ही दोन-तीन वाक्यांत हे सांगून पुढे जातो. मला तिथून पुढे जायला नेहमी वेळ लागतो.

रोमला मी एकदाच गेले, आठ दिवस. कोलोसियमपेक्षा मला टायबरमधलं बेट पाहायचं होतं. इ.स.पू. ६२ मध्ये बांधलेला फॅब्रिशियसचा दगडी पूल अजून वापरात आहे. त्यावरून चालत गेले. बेट लहानसं, एक चर्च, एक इस्पितळ, थोडी झाडं. पायऱ्या उतरून पाण्याच्या पातळीवरच्या दगडी धक्क्यावर गेलं की पूर्वेच्या अंगाला बेटाच्या कडेला दगडी जहाजाचा एक तुकडा दिसतो. टायबरच्या या भागात सगळीकडे दिसतो तोच भुरकट, भोकाभोकांचा ट्रॅव्हर्टाइन दगड, पण जहाजाच्या पाठीसारखा घडवलेला. त्यावर दाढीवाल्या देवाची छाटल्यासारखी झिजलेली आकृती, आणि तिच्या बाजूला काठी, काठीला वेढा घातलेला साप. चेहरा ओळखू येत नाही. साप येतो. मी हात लावायला वाकले, पोचले नाही.

हा एस्क्युलेपियस, ग्रीकांचा एस्क्लेपियस, वैद्यांचा देव. इ.स.पू. २९३ मध्ये रोममध्ये साथ आली. पोथ्या उघडल्या, निघालं की ग्रीसमधल्या त्याच्या ठाण्याहून, एपिडॉरसहून, एस्क्युलेपियसला आणा. क्विंटस ओगुल्नियसच्या पुढारपणाखाली शिष्टमंडळ जहाजानं ग्रीसला गेलं. पुढची गोष्ट ओव्हिडनं रंगवून सांगितली आहे: देवळातला साप, म्हणजे स्वतः देवच, सरपटत बंदरावर आला, जहाजावर चढला, सुकाणूजवळ वेटोळं घालून बसला. रोमला पोचल्यावर तो नदीतल्या या बेटावर उतरला. त्यानं जागा स्वतः निवडली. २९१ मध्ये तिथं देऊळ झालं आणि पुढे कुणीतरी बेटाच्या काठालाच जहाजाचं रूप दिलं.

इथून नदीत मातीचे भाजलेले हात, पाय, पावलं असे नवसाचे अवयव भरपूर सापडले आहेत. ज्याचं जे दुखलं त्यानं ते वाहिलं. आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही मालक आपल्या आजारी गुलामांना औषधपाणी नको म्हणून या बेटावर आणून टाकत. सम्राट क्लॉडियसनं ठरवून दिलं की असे टाकलेले गुलाम बरे झाले तर ते स्वतंत्र, मालकाचा त्यांच्यावर हक्क नाही. एपिडॉरसहून आलेल्या या परक्या देवाच्या पायरीवर किती माणसं मरायला म्हणून टाकली गेली आणि मोकळी होऊन पूल ओलांडून गेली असतील! बेटावर आज जे इस्पितळ आहे ते सोळाव्या शतकापासूनचं. दुपारी तिथं उभी असताना एक बाई डाव्या हाताला प्लास्टर घातलेल्या मुलाला घेऊन बाहेर आली आणि पुलाकडे निघून गेली.

बोलावण्याची रोमनांची आणखी एक रीत होती, देवांना जेवायला बोलावणं. इ.स.पू. ३९९ मध्ये कडक हिवाळ्यानंतर साथ आली तेव्हा पहिल्यांदा असं जेवण झालं. ॲपोलो आणि लॅटोना, डायना आणि हर्क्युलिस, मर्क्युरी आणि नेपच्यून, यांच्यासाठी तीन पलंग सजवले, आणि आठ दिवस त्यांच्यापुढे ताटं मांडली. लिव्ही लिहितो, त्या दिवसांत शहरभर घराघरांची दारं उघडी होती. ओळखीच्या-अनोळखी कुणालाही आत घेऊन जेवू घालत. वैऱ्यांशी लोक गोड बोलत, भांडणं थांबली, कैद्यांच्या बेड्या काढल्या. साथ असताना दारं उघडणारं शहर! २०२० मध्ये घराच्या दाराला कडी लावून बसले होते तेव्हा मला हे पान वारंवार आठवायचं.

असंच आणखी एक मोठं जेवण इ.स.पू. २१७ मध्ये, हॅनिबलपुढे ट्रॅसिमीन तळ्याच्या काठी हार झाल्यावर. आता सहा पलंग, बारा देव, सहा जोड्या. ज्युपिटर-जूनो, नेपच्यून-मिनर्व्हा, मार्स-व्हीनस, ॲपोलो-डायना, व्हल्कन-व्हेस्टा, मर्क्युरी-सेरीस. या जोड्यांकडे नीट पाहावं. नेपच्यूनच्या शेजारी मिनर्व्हा का? रोममध्ये त्या दोघांचा काही संबंध नाही. पण अथेन्समध्ये पोसायडन आणि अथेना, म्हणजे रोमनांची मिनर्व्हा, यांच्यात नगर कुणाचं यावरून झगडा झाला होता. मार्सशेजारी व्हीनस का? कारण होमरच्या काव्यात एरीज आणि अफ्रोडाइटी यांचं चोरटं प्रेम आहे. म्हणजे त्या पलंगांवर बसले होते रोमचे देव, आणि त्यांना कुणी कुणाशेजारी बसवायचं हे ग्रीक गोष्टी ठरवत होत्या. गोष्टींचं बळ असं असतं. त्या कायदे बदलत नाहीत, विधी बदलत नाहीत, पंगतीतल्या जागा बदलतात.

त्यात काहींचं बरंच काही हरवलं. मार्सचं बघा. ग्रीकांचा एरीज म्हणजे रक्ताला चटावलेला दांडगा. इलियडमध्ये त्याचा बाप झ्यूसच त्याला सांगतो की सगळ्या देवांत तुझा मला सर्वांत तिटकारा आहे. आणि रोमन मार्स? थोरला केटो या रोमन पुढाऱ्यानं शेतीवरच्या आपल्या पुस्तकात त्याची प्रार्थना दिली आहे. डुक्कर, मेंढा आणि बैल यांना शिवाराभोवती फिरवायचं आणि म्हणायचं, मार्स बापा, दिसणारी-न दिसणारी रोगराई, नापिकी, अवकाळी यांना आमच्यापासून दूर ठेव, धान्य, द्राक्षवेली, रोपं वाढू दे, गुराख्यांना आणि गुरांना सुखरूप राख. हा शिवाराचा राखणदार आहे. वहीतल्या तक्त्यात मी याच्या आणि एरीजच्या मधे बरोबरची खूण काढली होती.

सगळेच वाकले असं नाही. दारांचा, सुरुवातींचा दोन तोंडांचा जेनस तसाच राहिला. ओव्हिड त्यालाच विचारतो, तुला मी कोणता देव म्हणू, ग्रीसमध्ये तर तुझ्या तोडीचा कुणी नाही. आणि पाहुण्यांची भीतीही कधीकधी उसळली: इ.स.पू. १८६ मध्ये बॅकसच्या, म्हणजे डायोनायससच्या, गुप्त मेळ्यांवर सिनेटनं बडगा उगारला, पाचांहून जास्त जणांनी एकत्र विधी करायचा नाही असा हुकूम ब्राँझवर कोरून पाठवला. पण तेव्हाही पूजा पुरती बंद केली नाही, परवानगी घेऊन करा म्हणाले.

मला स्वतःला सर्वांत चुटपुट लागते ती कॅमीनींची. रोमच्या कापेना दरवाज्याबाहेर एक राई होती, तिच्यात झरा. त्या झऱ्याच्या देवता त्या कॅमीनी. चुलीची देवता व्हेस्टा हिच्या कुमारिका पुजारणी तिथून पाणी भरून नेत. इ.स.पू. तिसऱ्या शतकात टॅरेंटमचा ग्रीक, गुलामीतून सुटलेला लिव्हियस अँड्रोनिकस यानं होमरची ओडिसी लॅटिनमध्ये आणायला घेतली. पहिल्याच ओळीत होमर म्यूझला, काव्यदेवतेला हाक मारतो. आता म्यूझला लॅटिनमध्ये काय म्हणायचं? अँड्रोनिकसनं लिहिलं, 'कॅमीना'. त्यानं झऱ्याच्या देवीला हाक मारली. तो ग्रीक होता, म्यूझ त्याची आईच्या भाषेतली; तरी तो रोमच्या वेशीबाहेरच्या पाण्यापाशी गेला. थोड्याच काळानं एनियस हा लॅटिन कवी आला आणि त्यानं आपलं महाकाव्य थेट ऑलिंपसवर नाचणाऱ्या म्यूझना हाक मारून सुरू केलं. तिथून पुढे कॅमीनी मागे पडत गेल्या. भाषांतर मीही थोडंफार करते. एखाद्या शब्दापाशी अडले की अँड्रोनिकस आठवतो. परक्या देवतेसाठी आपल्या गावातला झरा कुठे आहे ते आधी बघून येते.

आणि नेपच्यून. अभ्यासकांचं म्हणणं असं की तो मुळात समुद्राचा नव्हताच. जुन्या रोमनांना समुद्राशी फारसं देणंघेणं नव्हतं. नेपच्यून गोड्या पाण्याचा, झऱ्यांचा, ओढ्यांचा, विहिरींचा. त्याचा सण २३ जुलैला, ऐन उन्हाळ्यात, पाणी आटतं तेव्हा. लोक झाडांच्या फांद्यांच्या झोपड्या करून त्यांच्या सावलीत बसत. पोसायडनशी जोड लागल्यावर त्याच्या हाती त्रिशूळ आला, पायाखाली समुद्र आला. तरी जुलैतल्या त्या पानांच्या झोपड्या राहिल्या.

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला गेले होते तेव्हा टाउन हॉलला जाऊन आले. मूर्ती तशीच आहे. बाहेर पडून चालत ब्रह्मपुरीकडे गेले, नदीवर उतरले. पाणी खाली गेलं होतं, घाटाच्या एरवी बुडणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. दोन बायका धुणं बडवत होत्या. ऊन मावळेपर्यंत मी एका पायरीवर बसून होते. आबा आता नाहीत, नाहीतर त्यांना सांगितलं असतं की आबा, ज्यानं ह्याला आणला त्यानं ह्याला नेपच्यून म्हटलं असेल, तर ह्यो आधी समुद्राचा नव्हताच. नदीचाच होता.